मोटेच्या गाण्यातली मधली ओळ

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पान खायच्या निमित्तानं उठून जाणारा मी माणूस. या सदरातले अनुभव बायकोला वाचून दाखवायचे आणि वर टिंगल करायची, ही माझी रविवारची करमणूक. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती आतून हसतेय... हसू दे.

गोष्ट कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यातली. आमचं गाव कोडोली. महाराजांनी बोर्डिंगं काढली म्हणून आमच्यासारख्या कुणब्यांची पोरं कोल्हापुरात शिकायला राहू शकली, त्यातलाच मी एक. कॉलेजच्या पहिल्या वर्गात होतो. आमच्या प्रोफेसरसाहेबांनी एका टर्मला सांगितलं, ‘मराठीतली कोणतीही एक रचना घ्या आणि तिचं रसग्रहण लिहून आणा.’ मी एका गाजलेल्या कवितेवर पानंच्या पानं लिहिली. अद्वितीय, हृदयंगम, ओजस्वी – एकही दागिना घालायचा ठेवला नाही.

साहेबांनी कागद परत दिले. “शब्द भारी आहेत. पण ही कविता वाचताना तुम्हाला स्वतःला काय दिसलं?”

खरं सांगायचं तर काहीच दिसलं नव्हतं. तसं सांगितलं.

“मग जिथं दिसतं असं काही घ्या,” ते शांतपणे म्हणाले.

मला दिसत होती ती आमच्या विहिरीवरची मोट. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो – बैल धावेच्या उतारानं खाली चालत जातात, तसं चामड्याच्या मोटेतून पाणी वर येतं आणि पाटाला लागतं. बैल चालावेत म्हणून मोट हाकणारा गातो. माझे चुलते, तात्या, आयुष्यभर एकच गाणं गायले. त्याच वर्षी शिमग्यानंतर ते वारले. गाणं असं –

चल माझ्या राजा, उतर धावंला...
पानी जाऊ दे कवळ्या उसाला.

या दोन ओळींच्या मध्ये तात्या गप्प राहायचे. चांगली एक ओळ बसेल एवढा वेळ. लहानपणी मला वाटायचं, दम घेतात. पण निबंध लिहिताना दोन्ही ओळी समोर मांडल्या आणि अडखळलो. पहिल्या ओळीत बैल आहे, दुसरीत ऊस. पण पाणी आपोआप उसात जात नाही. पाटाजवळ कुणीतरी उभं राहून, माती ओढून, पाणी सरीत वळवावं लागतं. ते माणूस गाण्यात नाही. मी लिहिलं, की इथं एक ओळ गळाली आहे, आणि ती पाटावरच्या माणसाची आहे. मग हात थांबेना. ओळही लिहून टाकली –

हिरव्या लुगड्याची हुबी पाटाला.

त्या दिवशी पहिल्यांदा मला लिहिताना आनंद झाला. एकही उसना शब्द नव्हता. साहेबांनी निबंध वाचून विचारलं, “बाई कळली. पण लुगडं हिरवं कशावरून?”

“ठाऊक नाही. लिहिताना तसंच आलं.”

त्यांनी समासात लिहिलं, ‘आधार नाही.’ आणि मग तोंडानं म्हणाले, “तरी खोडू नका.”

त्याच आठवड्यात आबांचा, म्हणजे वडिलांचा, निरोप आला – घरी ये. गेलो. ऊस वाळत चालला होता. तात्या गेल्यापासून हरण्या बैल धावेच्या मध्यावर थांबायचा, मोट विहिरीत लोंबकळत राहायची.

“माझ्यानं ह्यो चालंना,” आबा म्हणाले. “तात्याचंच गानं म्हनतो, तरीबी हलंना. तू ऱ्हा आता हितंच. तुला वळखतोय त्यो. कॉलेज लई झालं.”

 नुकतं कुठं काहीतरी लिहिता येतंय असं वाटू लागलं होतं. पण ऊस गेला तर घर काय खाणार, हेही दिसत होतं. कासरा हातात घेतला. दुपारची वेळ, आई पाटाला उभी. मी तात्यांसारखी पहिली ओळ म्हटली, तात्यांसारखाच गप्प राहिलो. हरण्या मध्यावर आला आणि थांबला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काय वाटलं कोण जाणे... त्या गप्प जागेत मी माझी निबंधातली ओळ म्हटली.

हरण्या चालत खाली गेला. मोट वर येऊन भडाभडा रिकामी झाली.

आबा जवळ आले, खांद्याला धरून मला बाजूला घेतलं.

“ही वळ तुला कुनी सांगितली?”

“कुनी न्हाय. निबंधात लिवलीया.”

“तुझी चुलती हुबी ऱ्हायाची की रं पाटाला. हिरवं लुगडं नेसून. ती गेली आन् तात्यानं ही वळ सोडली. तुझा जलम व्हायच्या आदी.” त्यांनी पाटाकडं बघितलं. “ह्योच शबुद... ह्योच.”

मग त्यांनी कासरा घेतला आणि स्वतः ती ओळ म्हटली. हरण्या चालला. संध्याकाळी मला म्हणाले, “जा तू. म्हनतो मी आता.”

मी कॉलेजात राहिलो, आणि पुढं लिहिता झालो ते त्यामुळेच.

पटेल असं उत्तर मी खूप शोधलं. लहानपणी कानावर पडली असेल? पण आई लग्न होऊन आली ती चुलती गेल्यावर. तिलाही ओळ ठाऊक नव्हती, आणि आबांनी चुलतीचं नाव घरात कधी काढलं नव्हतं. बैलाला आठवली असेल? हरण्या वडगावच्या बाजारातून आणलेला, माझ्याहून कितीतरी लहान. तात्या ती ओळ मनात म्हणत असतील, असं मला वाटतं. पण मनातलं बैलाला कसं ऐकू जातं? आणि मला?

परत गेल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. 

“निबंध उत्तम झाला,” ते म्हणाले. “पण इतकी वर्षं तुमच्या चुलत्यांनी जी ओळ तोंडातून काढली नाही, ती आता तुमच्या विहिरीवर रोज म्हटली जाणार. त्यांना चाललं असतं का?”