एक चमचा चिकू

आमची चिखल्याला चिकूची वाडी. त्यामुळे घरात कोणी रोडावलं, कोणी तापातून उठलं, की आमचं औषध एकच, चिकू. म्हणून तर ती चूक माझ्या हातून झाली.

नात माझी सहा वर्षांची. तिला ऑटिझम आहे. खाणं मोजकंच: पांढरा भात, तांदळाची भाकरी आणि दूध. भाताला वरणाचा थेंब लागला तरी ताट सरकवते. अंडं नाही, मासळीचा तर वाससुद्धा नको. डहाणूच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिच्या अंगी लागतंय ते दुधातूनच. ते बंद पडू देऊ नका."

आणि मी काय केलं? सून शाळेत शिकवायला गेलेली. मी चिकूचा गर दुधात घोटला. एकच चमचा हो! पोरीनं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, पेला खाली ठेवला. तेव्हापासून दूध बंद. साधं दिलं तरी बंद.

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर ती म्हणाली, "आई, पेल्यात काय असेल याचा तिला भरवसाच राहिला नाही."

"मग आता गं?"

"आता तो परत मिळवायचा. आणि तुम्ही चमचा घेऊन तिच्या मागे फिरायचं नाही!"

तिनं स्टीलचा पेला बाजूला ठेवून काचेचा ग्लास काढला. दूध पोरीसमोर तापवायचं, कोमट झालं की पोरीनंच ओतायचं. सांडलं तर सांडलं. 'पी' म्हणायचं नाही. चौथ्या दिवशी मीच कावले, "अगं, नुसतं ओतून पोट भरतं का?"

"नाही भरत. मला काय झोप लागते? पण घाई केली तर ती आणखी मागे जाईल."

बाहेरून एवढी शांत, आणि आतून ही काळजी! डॉक्टरांना फोन चालूच, वजन बघणं चालूच, पण पोरीसमोर आवाज कधी चढला नाही. मी चार मुलं वाढवली, मला हे जमलं नसतं.

आठवड्यानं पोरीनं ग्लासाला ओठ लावले. मग अर्धा ग्लास, मग पुरा. पण आईनं तापवलेलंच. मी तापवलं की तोंड फिरवायची.

परवा रविवारी सून वाडीत चिकू उतरवून घेत होती. मी चहा ढवळत होते, तेवढ्यात नात ग्लास घेऊन आली. जीव मुठीत धरून मी तिच्यासमोर दूध तापवलं, निवू दिलं. तिनं ओतलं. मग माझ्या हातातला चमचा काढून घेतला, मोरीत टाकला. माझे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघितले. आणि उभ्या उभ्या ग्लास रिकामा केला.

सून दारात कधी आली, कळलं नाही.

"काय आई, झडती झाली?"

"झाली बाई," मी म्हटलं. "सुटले."