मार्लिसच्या गोधड्यांचा प्रोग्रॅम

दर शनिवारी सकाळी ऑर्व्हिल लिंडक्विस्ट कॉफी चढवायचा आणि कॉम्प्युटर अपडेटला लावायचा. त्याच्या लिनक्स प्रणालीवर आयते प्रोग्रॅम फारसे येत नसत. मूळ कोड उतरवून घरीच बांधायचे. तासन्‌तास चाले ते. "लोक दुकानातून ब्रेड आणतात, आमच्याकडे गहू दळण्यापासून सुरुवात," असं त्याची बायको मार्लिस म्हणायची. पण स्वतःच्या गोधड्यांचे नमुने ती त्याच यंत्रावर काढायची. तिला जाऊन सतरा महिने झाले होते. ऑर्व्हिल कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, त्यामुळे घरात दिवसभर यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी.

मागच्या अपडेटपासून तिचा नमुन्यांचा प्रोग्रॅम उघडेना. पुन्हा बांधायला गेला, तर तो 'मास्क' केलेला, म्हणजे कुलूपबंद. खाली कारण होतं: सांभाळायला कुणी नाही, तीस दिवसांनी काढून टाकू.

आणि नेमका आत्ताच तो हवा होता. मुलगी कॅरिनला आठवा महिना लागला होता. तिला कधी मूल झालं तर, म्हणून आईने नमुना काढून ठेवलेली गोधडी दर मंगळवारी जमणाऱ्या चर्चमधल्या बायका शिवून देणार होत्या. नमुना छापून मिळायची खोटी होती.

कुलूप काढणं सोपं होतं. आपल्या जबाबदारीवर एका फाइलीत प्रोग्रॅमचं नाव लिहायचं. ऑर्व्हिलने घाईत नुसतं नाव लिहिलं, आवृत्तीचा आकडा गाळला. यंत्राने सगळ्यांत नवी, अर्धवट आवृत्ती उचलून बांधली. नमुना उघडला तर नुसते पांढरे चौकोन. त्याने काही सेव्ह न करता तो बंद केला. वीस वर्षांच्या सवयीनंतर ही नवशिक्याची चूक.

तेवढ्यात कॅरिनचा फोन आला.

"डॅड, साधा लॅपटॉप घे ना. तुझं हे खूळ आईने सोसलं, मला नाही जमणार."

"मंगळवारी बायकांना नमुन्याचे कागद देतो."

"मागच्या मंगळवारीही हेच म्हणालास."

त्याने फाइलीतली ती ओळ खोडली आणि बरोबरीच्या चिन्हासकट नाव व जुन्या आवृत्तीचा आकडा नीट लिहिला. पुन्हा घरघर. तीनच्या सुमाराला पडद्यावर निळे-पिवळे तारे आले. एका कोपऱ्यातला तारा मार्लिसने पुसून पुन्हा बसवला होता, तोही तसाच. नऊ पानं छापून निघाली.

ती टेबलावर ओळीने लावल्यावर त्याने लिनक्सचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मंडळींना कळवलं, हा काढू नका, मी सांभाळतो. तासाभरात कुणा अनोळखी माणसाने विचारलं, आनंद आहे, पण वापरणारे किती आहेत?

ऑर्व्हिलने 'दोन' लिहिलं. मग खोडून 'एक' लिहिलं.

"चालेल. तुमचं नाव घालतो," असं उत्तर आलं.

थोड्या वेळाने 'कुणी नाही'च्या जागी त्याचं नाव दिसलं. सांगायला म्हणून त्याने मार्लिसच्या शिवणाच्या खोलीकडे मान वळवली, आणि मग पानं गोळा करायला लागला.