बीबीचं दुखणं मला माहीत होतं

“कुठली गं तू?” डॉक्टरांनी विचारलं.

“कामतघरची.”

“कामतघरात कुठे?”

“बौद्धवाडीत.”

“हं.”

त्यांना जे हवं होतं ते मिळालं. हातात गरम पाण्याचं पातेलं घेऊन मी दारात उभी. पलंगावर बीबी. पलंगाशेजारी तिचा मुलगा, इराणी हॉटेलचा शेठ. खाली हॉटेल आणि वर घर, भिवंडीच्या भर बाजारात. बीबीला फारशीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. शेठ तिचं ऐकायचा आणि डॉक्टरांना हिंदीत सांगायचा. त्या दिवशीही त्याने सांगितलं, “कुछ नहीं डॉक्टरसाब, सर दुखता है, कमजोरी है.”

तेव्हा मी मधे बोलले होते. “डाक्टर, त्यांना आनखी एक तरास हाय. मंला फारशी समजते. त्या मंला बोलल्यात.”

म्हणून ती चौकशी. कुठली, कामतघरात कुठे.

मग डॉक्टर शेठकडे बघून हसले. “ऐका! भांडी घासता घासता फारशी शिकली. ‘आनखी तरास हाय’ म्हणे! आधी मराठी तरी माणसांसारखी बोल. जा, पातेलं ठेव आणि बाहेर थांब.”

शेठ हसला. सगळे हसतायत बघून बीबीही हसली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी हसली.

आणि मीही हसले. अपमानापेक्षा हे जास्त लागतं. दात काढून हसले आणि पातेलं ठेवून बाहेर गेले.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी वीस वर्षांची, दहावीला गणितात गटांगळी खाल्लेली. बाप निजामपुऱ्यात पॉवरलूमवर, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. बीबीची सेवा करायला बाई पाहिजे म्हणून मला ठेवली होती. अंघोळ घालायची, पाय चेपायचे, जेवण भरवायचं.

फारशी मला तिनेच शिकवली. डोक्याला हात लावून म्हणायची, “सरम दर्द मीकोने.” कमरेला हात लावून, “कमरम दर्द मीकोने.” जिना चढून आली की छाती धरून, “नफसम मीगीरे,” म्हणजे दम लागतोय. ताप आला की “तब दारम”. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी पाठ केलं. बाप म्हणायचा, “आमची पोरगी इराणला चालली!” मला फारशीत भाजी घेता आली नसती, रस्ता विचारता आला नसता. पण डोक्यापासून तळपायापर्यंत सगळी दुखणी सांगता आली असती. बीबीला दुसरं काही सांगायचंच नसायचं. कंगवा फिरवून झाला, पाय चेपून झाले की ती माझा हात धरायची आणि म्हणायची, “दस्तेत दर्द नकोने.” तुझा हात न दुखो. त्यांच्यात आभार असे मानतात. आमच्या वाडीबाहेरच्या कुणी माझ्या हाताचा एवढा विचार केला नव्हता.

ती माझ्या ताटलीतला भाकरीचा तुकडा उचलून खायची. मला पोरगी म्हणायची, “दुख्तरम”. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी काय केलं ते यावर तोलावं लागेल.

एक दिवस अंघोळीच्या वेळी तिने मोरीचं दार लावून घेतलं आणि मला कापड दाखवलं. रक्त. पाळी जाऊन हिला वीस वर्षं झाली असतील. “खून मियाद अज़म,” म्हणाली. माझ्यातून रक्त जातं. किती दिवस, म्हणून मी बोटं दाखवून विचारलं. दोन महिने झाले होते. मग लगेच माझे दोन्ही हात धरले. “बे पेसरम नगू.” माझ्या मुलाला सांगू नकोस. शपथ घातली. लेकाला हे कळण्यापेक्षा मेलेलं बरं, अशी तिची लाज. सून माहेरी गेलेली, नणंदा-जावा कुणी नाही. घरात बाई म्हणजे मीच.

आठ दिवस मला धड झोप नव्हती. शेवटी ठरवलं, लेकाला नाही, डॉक्टरांना सांगू. डॉक्टरांना सांगण्यात कसली आलीय लाज. मनात वाक्य घोळवून ठेवलं. आणि डॉक्टर आले त्या दिवशी वर लिहिलंय ते झालं.

त्यानंतरचं लिहायला हात जड होतो.

मी सांगू शकले असते. शेठ रोज दुपारी जेवायला वर यायचा. सून महिन्याभराने परत आली, तिला मोरीत बोलावून सांगता आलं असतं. मी गप्प बसले. शपथ घातलीय, अशी स्वतःची समजूत घातली. पण ते खरं नव्हतं. डॉक्टरांना सांगायला निघाले तेव्हा शपथ कुठे आडवी आली? खरं हे की मला राग होता. मनात म्हणत होते, आम्ही माणसांसारखं बोलत नाही ना, मग भोगा. तुमचं तुम्ही बघा.

भोगलं कुणी? डॉक्टरांनी नाही. शेठने नाही. बीबीने भोगलं. रोज ती कापडं मी धुवायची आणि गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाहीत अशी वाळत घालायची. रक्त लपवायला मीच मदत केली. कापडं वाढत गेली. अंगाला वास यायला लागला तेव्हा मी अंघोळीच्या पाण्यात गुलाबपाणी टाकलं. तरी बोलले नाही.

पाच-सहा महिन्यांनी ती मोरीतच पडली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेली. गर्भाशयाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. लवकर आणायला हवं होतं, तिथले डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत गेली.

मातीहून आल्यावर शेठने मला विचारलं, “तेरे को कुछ मालूम था?”

“न्हाय,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. डोळे लाल. मग आईच्याच आवाजात म्हणाला, “दस्तेत दर्द नकोने.”

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला घर माणसांनी भरलं होतं. डॉक्टरही आले होते. शेठच्या शेजारी, गादीवर. मी चहाचे ग्लास फिरवत होते. शेठ पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, पहले पता चलता तो. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “शेठ, स्वतःला दोष देऊ नका. कुणालाच माहीत नव्हतं. कुणाला कळणार?”

हातातला ट्रे मी जमिनीवर ठेवला.

“मन मीदूनेस्तम,” मी शेठला म्हणाले. मला माहीत होतं. मी फारशीतच सांगितलं. रक्त कधीपासून, किती; कापडं कुठे वाळत घालायचे ते हाताने दाखवलं. दुखण्याचे शब्द मला येत होतेच, एकही अडला नाही.

मग डॉक्टरांकडे वळले आणि माझ्याच मराठीत बोलले. “त्या दिशी ह्येच सांगाया आलते. तुमी मंला बाह्यर काढलं. त्ये तुमचं पाप. नंतर मी जानून गप बसले, त्ये माजं. कुनालाच म्हाईत नव्हतं असं आता बोलू नका.”

“खोटं बोलते ही!” डॉक्टर उठले. “अंगाशी आलं म्हणून माझ्यावर ढकलते. यांची जातच—”

“जात तुमी त्याच दिशी विचारली. दुखनं इचारलं न्हाय.”

शेठने माझ्याकडे बघितलं. त्याला बहुतेक आठवलं होतं, आपणही हसलो होतो ते. पण तो तसं म्हणाला नाही. “निकल जा,” एवढंच म्हणाला. हळू आवाजात. त्याने मारलं असतं तरी मी हात आडवा धरला नसता. चपला हातात घेऊन जिना उतरले.

पुढे नव्वदच्या सुमारास मी एका दवाखान्यात आया म्हणून लागले. लोकांना वाटतं, त्या दिवशी सांगून टाकलं म्हणजे माझं ओझं उतरलं. उतरलेलं नाही. बीबी मेलेल्या माणसांत आहे आणि मी जिवंत. मला माफी नको, कुणी देऊही नये.

दवाखान्यात बायका मला सांगतात. नवरा सोबत असतो, सासू असते, डॉक्टरपुढे त्या म्हणतात कमजोरी आहे. संडासच्या दारात माझा हात धरून खरं सांगतात. तेलुगूत, भोजपुरीत, कधी नुसत्या बोटांनी. मी कुणाची शपथ घेत नाही. आधीच सांगते, बाई, हे मी डॉक्टरांना बोलणार.

आया, बाहेर थांब, असं डॉक्टर अजून म्हणतात. थांबते की. पण आधी कुठून रक्त जातंय, किती दिवस जातंय, ते सगळं बोलते. त्यांना माझं मराठी आवडो न आवडो. ते लिहून घेईपर्यंत मी दारातून हलत नाही.