पट्टा माझा मीच लावायचे

साहेबांची गाडी चिखलात रुतली होती. कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकातून आत आल्या आल्या. आदल्या दिवशी पाऊस झालेला, काळी माती, चाकं अर्धी आत. ड्रायव्हरनं रेस देऊन बघितली, दगड लावून बघितले. साहेब आतच बसलेले. एसी चालू. त्यांनी काच दोन बोटं खाली केली आणि गार्डला म्हणाले, "तिला आणा."

मला आणलं.

"उचल."

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही उतरता का?"

"का? मी जड होतो का तुला?"

गार्ड हसला. ड्रायव्हर हसला. मी मागच्या बंपरखाली दोन्ही हात घातले, गाडी साहेबांसकट वर घेतली आणि पलीकडच्या फरशीवर नेऊन ठेवली. साहेब उतरले. बुटाला चिखल नाही. दोन पावलं गेले, मग वळून ड्रायव्हरला म्हणाले, "ते धुऊन घे."

ड्रायव्हरनं बादली आणली. मला वाटलं चिखल धुणार. चाकं भरलेली होती, दारांवर शिंतोडे होते. ते सगळं त्यानं तसंच ठेवलं. धुतलं ते फक्त मी धरलं होतं तेवढं. दोन हातांची जागा. फडक्यानं पुसली आणि फडकं कुंपणापलीकडं फेकून दिलं.

मी तिथंच उभी. माझ्या हातांना कोपरापर्यंत माती. मला हात धुवायला कुणी पाणी दिलं नाही.

ही आजाच्या काळातली गोष्ट नाही. साहेबांच्या हातात तेव्हा मोबाइल होता आणि चालता चालता ते त्यावर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत होते.

मी पेडगावची. बौद्ध वस्तीतली. बारावी झाले आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागले. रोज सकाळी ग्राउंड. मी गोळा फेकला की तो सापडायचाच नाही, पोरी हसून लोळायच्या. माझ्या अंगातलं बळ साधं नाही हे मला आणि आईला मी लहान असल्यापासून माहीत होतं. आई म्हणायची, "कोणाला दावू नको बाई. आपल्यात काई जास्तीचं दिसलं की लोकायला खपत न्हाई."

मग एक दिवस वस्तीसमोर उसाची ट्रॉली उलटली. खाली ड्रायव्हर. मी ट्रॉली उचलली, लोकांनी त्याला ओढून काढला. कुणीतरी व्हिडिओ केला. चौथ्या दिवशी दोन माणसं घरी आली. साधे कपडे, चांगले बूट. चहा घेतला नाही. म्हणाली, "विशेष भरती आहे. ग्राउंड नाही, लेखी नाही. थेट नोकरी."

आई रडली. तिनं वस्तीत घरोघर जाऊन साखर वाटली.

सरकारी नोकरी म्हटलं की आमच्या वस्तीत कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही. कागद वाचायला दिला नाही, तरी सही केली. राज्यघटनेची कलमं मला तोंडपाठ होती. भरतीच्या पेपरसाठी पाठ केलेली. ती आपल्यासाठी पण असतात हे त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

सेलूच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, एक बंद पडलेली जिनिंग आहे. फाटकावर बोर्ड नाही. तिथं मला नेलं, फोन काढून घेतला आणि साहेबांनी मनगटावर लोखंडी पट्टा चढवायला लावला. पट्टा खट्कन बसला की गार्डच्या हातातल्या बटणावर माझं शरीर. बटण दाबलं की खांद्यापासून टाचेपर्यंत कुणीतरी शीर उपटून काढतंय असं व्हायचं. स्वतःचा तोडायला ओढला तरी तोच झटका, बोटांतलं बळच जायचं. मी, ट्रॉली उचललेली मी, फरशीवर पडून लाळ गाळायचे.

"घरी काय कळवू?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"आम्ही कळवतो," साहेब म्हणाले. आणि खरंच कळवायचे. दर महिन्याला आईला माझ्या नावानं पत्र जायचं. ट्रेनिंग छान चालू आहे. जेवण चांगलं आहे.

आत आम्ही दोघंच कैदी होतो. दुसरा प्रताप. पोखर्णीचा, मोठ्या शेतकऱ्याच्या घरातला. त्याचे कान. दोन शिवारं पलीकडं कुणी कुजबुजलं तरी त्याला ऐकू यायचं. त्यालाही फसवूनच आणलेलं, त्यालाही पट्टा. मला पहिल्या दिवशी बरं वाटलं. म्हटलं, चला, सोबत आहे.

त्याला खाट होती, मला पोतं. त्याला स्टीलचा तांब्या, मला प्लॅस्टिकचा मग. मी एकदा तहानेनं त्याच्या तांब्याला हात लावला. तो ओरडला नाही. त्यानं तांब्या माझ्याकडं पायानं सरकवला आणि म्हणाला, "आता ठिव तुझ्याचकडं." मग गार्डला हाक मारून दुसरा मागितला. गार्डनं लगेच दिला.

मी म्हणाले, "आपण दोघं बी कैदीच हाव की."

"कैदी हाव," प्रताप म्हणाला. "पण एक न्हाई."

आता काम सांगते. ते मी केलंय, म्हणून मीच सांगते.

गायरानावर लोक राहतात. पिढ्या झाल्या. नावावर नाही, पण घाम त्यांचा. त्यांची घरं पाडायची तर नोटीस लागते, पंचनामा लागतो, लोक कोर्टात जातात, स्थगिती येते. साहेबांनी मला पहिल्याच वेळी समजावून सांगितलं होतं, अगदी शाळेत समजावतात तसं. "जेसीबीला आदेश लागतो. तुला लागत नाही. तू कुठंच नाहीस. कागदावर लिहायचं, वारं सुटलं होतं, घरं पडली."

कापूस वेचणीचे दिवस. भर दुपारी वस्ती रिकामी, झाडून सगळे रानात. प्रताप गाडीत बसून कान लावायचा. तो 'कुणी नाही' म्हणाला की माझा पट्टा काढायचे, भिंतीवर आपटून बिघडू नये म्हणून. तेवढ्यापुरता. बटणाऐवजी मग बंदूक असायची आणि माझ्या आईचा पत्ता असायचा.

पहिल्या घराच्या दारात मी थांबले. चुलीवर झाकलेलं कालवण होतं. दोरीवर लेकराचं झबलं होतं. आणि भिंतीवर तोच फोटो, जो आमच्या घरात आहे. मी फोटो काढून बाहेर ठेवला आणि घर पाडलं. गार्ड बालाजी म्हणाला, "लय भक्ती हाय की पोरीची."

पुढं पुढं दारात थांबणं सुटलं. कोणत्या मेढीला, आधाराच्या खांबाला, धक्का दिला की सगळं घर एका दमात बसतं ते कळायला लागलं. मला सफाई आली. हे लिहायला लाज वाटते म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी प्रताप म्हणाला, "कोणी न्हाई."

तिसरं घर. मी मेढ ओढली, पत्रे खाली आले, आणि पत्र्यांखालून आवाज आला. मी पत्रे बाजूला फेकले. खाली एक म्हातारा माणूस. तापानं फणफणलेला, म्हणून वेचणीला गेला नव्हता. छपराचं आडं कंबरेवर पडलेलं. पाय भलतीकडंच वळलेला.

तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, "कोणाची गं तू?"

मी सांगितलं. गाव सांगितलं. वस्ती सांगितली. खोटं बोलता आलं नाही.

"मंजी आपलीच," तो म्हणाला. मग दम घेऊन म्हणाला, "जेसीबी आला आस्ता तर आवाज तरी आला आस्ता. तुजी पावलं वाजली, मला वाटलं कोणीतरी पाणी द्यायला आलं."

मी त्याला उचलायला वाकले. बालाजीनं बंदूक माझ्या मानेला लावली. "चल. ते आपलं काम न्हाई."

मला ओढून गाडीत घातलं. पाणी द्यायचंही राहिलं.

गाडीत मी प्रतापला विचारलं, "तुला ऐकू आलं न्हाई?"

"आलं की. खोकायलता एक म्हातारा."

"मंग कोणी न्हाई का म्हनलास?"

त्यानं खांदे उडवले. "ते काय कोणी हाय?"

संध्याकाळी जिनिंगवर पट्टा लावायची वेळ झाली. नियम असा होता की पट्टा गार्डनं स्वतःच्या हातानं चढवायचा, कडी ओढून बघायची आणि वहीत लिहायचं. प्रतापला बालाजी तसाच लावायचा. त्याचं मनगट मांडीवर घेऊन, पावडर लावून, "दुखतंय का दादा" विचारत.

माझा पट्टा तो फरशीवर टाकायचा. "उचल. घाल. आवाज येऊ दी." खट् झालं की तोंड न फिरवता वहीत लिहायचा. त्याला माझा हात धरायचा नव्हता. पहिल्या दिवसापासून.

त्या संध्याकाळीही त्यानं टाकला. मी उचलला. मनगटाजवळ नेला. आणि तेव्हा मला कळलं.

रोज मीच लावत होते. तो सहा पावलांवर उभा असायचा, पाठ करून. मला कुणी धरलेलं नसायचं. तेवढ्या वेळात मी त्याला, त्या भिंतीला, त्या सगळ्या जिनिंगला उपटून टाकू शकले असते. आणि मी काय करत होते? खाली वाकत होते, उचलत होते, आणि नीट, आवाज येईल असा लावत होते. वर तो हातानं देत नाही म्हणून मनातल्या मनात झुरत होते.

मी हात बाहेर ठेवला आणि पट्टा रिकामाच मिटला. खट्. बालाजीनं वहीत लिहिलं. कातडीला लागू नये म्हणून खाली ओढणीची घडी घेऊन मी तो नुसता मनगटावर ठेवला आणि वरून ओढणी गुंडाळली.

सकाळी साहेब आले. नवीन वस्ती काढली होती. त्यांनी गाव सांगितलं, मी म्हणाले, "न्हाई."

"काय?"

"मी घर पाडणार न्हाई."

साहेबांनी बालाजीकडं नुसतं बघितलं. बालाजीनं बटण दाबलं. मी उभीच. परत दाबलं. मी ओढणी सोडली, पट्टा खाली पडला.

साहेब बालाजीला म्हणाले, "काल कुणी लावला?"

"तिनंच, साहेब."

"नियम काय आहे?"

बालाजीनं वही पुढं केली. "साहेब, रोज रोज तिला हात लावायचा म्हणजे... तुमाला तर म्हाईतच हाय."

साहेबांनी वही बघितली आणि परत दिली. त्यांना राग यायला पाहिजे होता. इतका गुप्त कारभार, इतका बंदोबस्त, आणि एक माणूस नियम पाळत नव्हता. पण राग आला नाही. त्यांना पटलं. ते पटलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. बालाजीच्या जागी ते असते तर त्यांनीही पट्टा फरशीवरच टाकला असता.

बालाजी बंदुकीकडं वळला. मी ती त्याच्याआधी घेतली आणि काडीसारखी वाकवली. मग मी त्याला हात लावला. दंडाला धरून बाजूला केला, बस. साहेब भिंतीला चिकटले. त्यांनाही मी बोट लावेन की काय, याचीच भीती जास्त होती त्यांच्या डोळ्यात.

मी फाटकाकडं निघाले तर मागून प्रताप ओरडला, "ए, मला सोडव की! आपण दोघं एकच हाव की गं!"

त्याचा पट्टा पक्का होता. मानानं, मांडीवर हात घेऊन लावलेला. मी परत फिरले. त्याचं मनगट धरलं. आणि त्यानं अंग चोरलं. तेवढ्यातही. मी पट्टा तोडला आणि म्हणाले, "तू ऐकलंस ते चारचौघात सांगायचं." तो मान हलवत पळाला.

पंधरा दिवसांनी मी पोखर्णीला त्याच्या घरी गेले. अंगणात उभी राहिले. तो ओसरीवरून म्हणाला, "मला आता काईच ऐकू येत न्हाई."

मी त्याआधी गायरानावर गेले होते. म्हातारा वाचला, पण उठत नाही. उठणार नाही. मी त्याच्या लेकीसमोर सगळं सांगितलं. तिनं मला बसायला सांगितलं नाही. मी घर बांधून देते म्हणाले, तर ती म्हणाली, "तुजे हात लावू नको आमच्या घराला." ही अस्पृश्यता नाही. ही मी कमावलेली आहे.

वस्तीतले शहाणे लोक सांगतात, गप राहा. सुटलीस ना? आईजवळ राहा. सरकार म्हणतं अशी जागा नाही, असे साहेब नाहीत. जिनिंगमध्ये आता कापसाच्या गाठी रचून ठेवल्यात.

ठीक आहे. मग भिंती कुणी पाडल्या?

मी पाडल्या. कोणत्या गावात, कोणत्या दुपारी, कुणाचं घर, सगळं मी लिहून काढलंय. पोलीस ठाण्यात नेऊन दिलंय. अंमलदार म्हणाले, "स्वतःवरच गुन्हा नोंदवायला आलीस? वेडी हायेस का?" मी म्हणाले, नोंदवा. पहिली आरोपी मी. मला शिक्षा द्या, मी भोगेन. पण मला आरोपी केलं की विचारावं लागेल, हिला तिथं कुणी नेलं. कुणाच्या गाडीतून. कुणाच्या हुकमानं. मी एकटी कागदावर आले की ते सगळे माझ्यामागून कागदावर येतील. म्हणून तर ते माझं नाव लिहीत नाहीत.

मी ठाण्याच्या पायरीवर बसले आहे. आजचा नववा दिवस. हे पत्रक इथंच बसून लिहिलंय. माझं नाव लिहा. त्याच्या खाली साहेबांचं लिहा. ते दुसरं नाव लिहीपर्यंत मी इथून उठणार नाही.