बोटाची सुट्टी

मावशीला काहीही विचारायला गेलं, की आधी डावा हात वर व्हायचा. एसटी थांबवताना करतात तसा, पंजा उघडा. उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात, दातांवरून इकडून तिकडे चाललेलं. मग अंगणाच्या कडेला एक पिंक जायची आणि त्यानंतर शब्द फुटायचे, "हं, आता बोल."

घाई केली तर एवढंच ऐकू यायचं, "थांब. आधी बोट."

मिशरी लावणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उंबऱ्यावर बसून दातांना लावायची. नाव दात घासायचं, गाव तंबाखूचं. आमच्याकडे तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला सकाळी तो खमंग, नाकाला झोंबणारा वास आला नाही अशी गल्ली नव्हती. त्यात मावशीचा तवा सगळ्यांत आधी तापायचा.

मावशी खुरपणीच्या टोळीची मुकादम. बारा बाया जीपमध्ये कोंबून कांद्याच्या, मिरचीच्या शेतावर न्यायच्या आणि सांजच्याला परत आणायच्या. मी गावची आशा सेविका. बाळंतिणी, लसी, वजनं ही कामं माझ्याकडे. ती साऱ्या गावाची मावशी, तशी माझीही.

काम धरताना तिची एक अट असायची. सुट्ट्या दोन, एक भाकरीची आणि एक बोटाची. एका बागायतदार आप्पांनी एकदा विचारलं, "मावशे, भाकरीचं कळतं. ही अकरा वाजता कसली सुट्टी?"

"बोटाची."

"ती कशाला लागती?"

"तुमच्या ट्रॅक्टरला डिझेल कशाला लागतं, आप्पा?"

आप्पांनी सुट्टी कबूल केली. करणारच. तिच्या टोळीनं खुरपलेल्या वाफ्यात शोधून गवताची काडी सापडत नसे.

मी एकदा समाजमंदिराच्या भिंतीवर तंबाखूचं पोस्टर लावलं. सडलेलं तोंड, मोठी अक्षरं. मावशी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, बोट तोंडातच. शेवटी म्हणाली, "ह्या बाबाला कुणी दात घासायला शिकवलं न्हाई वाटतं." बाया हसल्या आणि माझं पोस्टर त्या दिवशीच मेलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण तिच्यावर राग धरून ठेवणं कुणालाच जमायचं नाही.

हे लागलं कधी, असं मी तिला विचारलं होतं. दहा-बारा वर्षांची असताना दाढ दुखली, आईनं बोटभर लावली, ठणका थांबला. मग लग्न झालं. "सासरी बाईला बसू कोण देतं, ताई? जरा टेकलं की हाक. पर मिशरीला बसली की सासूबी उठवत न्हाई. तिची ती बसलेली आस्ती ना. दिसातून तेवढंच बसणं माझं." माझ्या कुठल्याच प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या हातून चूक झाली ती मायेपोटी. तिच्याकडे मिशरी हे औषध होतं. दाढ दुखली, लाव. पोट साफ नाही, लाव. सून पहिल्या वेळी गरोदर राहिली, मळमळीनं हैराण झाली, तेव्हा मावशीनं स्वतःची डबी तिच्यापुढं धरली. "लाव जरा, उलटी बसंल." उलटी बसली की नाही कोण जाणे, सवय मात्र बसली. पोर झालं ते मुठीएवढं, आणि चौथ्या दिवशी गेलं. डॉक्टर म्हणाले, कारणं पुष्कळ असतात, तंबाखूही त्यातलं एक. दवाखान्यातून परत येताना जीपमध्ये मावशी माझ्या शेजारी होती. तासाभराच्या रस्त्यात तिनं एकदाही डबी काढली नाही. कुणी तिला दोष दिला नाही, सुनेनंही नाही. तिनं स्वतःला किती दिला ते तिलाच ठाऊक.

दोन वर्षांनी सुनेला पुन्हा दिवस गेले. मी घरी जाऊन सांगितलं, मिशरी आजपासून बंद. सून खाली बघत म्हणाली, "ताई, मी सोडते. पर रोज सकाळी घरात तवा तापतो. त्या वासानं जीव नुसता तुटतो." ती हळूच बोलली होती, पण मावशी उंबऱ्यावरच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या दारात आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडून बघते तर मिशरीचा तवा, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळाठिक्कर.

"ठेव तुझ्याकडं. म्या मागितला तरी द्यायचा न्हाई."

"आणि तुझं काय?"

"माझं ऱ्हाऊ दे. मला नात न्हायतर नातू, जित्ता बघायचाय."

पुढचे दिवस टोळीला फार जड गेले. मावशीचं डोकं दुखायचं, पोट तटायचं, तोंड तर कुणावरही सुटायचं. आणि तिसऱ्या दिवशी ते झालं, जे शिरूर तालुक्यात कुणाला सांगितलं तरी खरं वाटलं नसतं. कांद्यात लव्हाळा, म्हणजे तण, माजतो. कोवळा असताना दोघांची पात लांबून सारखीच दिसते, पण मावशी तो डोळे झाकून बोटानं ओळखायची. त्या दिवशी तिनं अख्ख्या वाफ्यातला कांदा उपटला आणि लव्हाळा तेवढा राखला. आप्पा बांधावर येऊन उभे राहिले. एक बाई फिस्सकन हसली, मग सगळ्याच. मावशी हसली नाही, चिडलीही नाही. खाली बसली आणि एकेक रोप पुन्हा मातीत लावत गेली. बाया मदतीला वाकल्या तर म्हणाली, "सरा. माझ्या हातानं गेलंय." आप्पांनी त्या वाफ्यात पाणी सोडलं. वाफा जगला.

बोटाची सुट्टी तिनं बंद केली नाही, मिशरीच्या जागी फुटाणे वाटले. बाया कुरकुरत खायच्या, आणि लांब जाऊन आपल्या डब्या उघडायच्या.

घरी मात्र मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. सकाळी तपासणीला गेले तर मावशी नेहमीसारखी उंबऱ्यावर, बोट तोंडात. जवळ जाऊन पाहिलं तर बोट कोरडं, रिकामं. शेजारी सून, तिचंही बोट तोंडात, तेही रिकामं. आतून मावशीचा मुलगा ओरडत होता. सणसवाडीच्या कंपनीत पहिली शिफ्ट, डबा तयार नव्हता. मावशीनं वळूनही न बघता डावा हात वर केला.

"थांब. आधी बोट."

सुनेला म्हणाली, "बस गं तू. हितं बसल्यावर कुणी उठवत न्हाई." मीही बाजूला टेकले. पंधरा मिनिटं आम्ही तिघी नुसत्या बसून राहिलो, आणि मुलानं डबा आपला आपण भरला.

मुलगी झाली. वजन करताना मावशी खोलीत आलीच नाही, दाराबाहेर भिंतीला धरून उभी होती. मी बाहेर येऊन सांगितलं, चांगली भरलीय, रडतेय पण खणखणीत. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आणि पाचव्या दिवशी माझ्या दारात हजर.

"माझा तवा दे."

"अंगावर पाजतेय ती अजून."

"व्हय. ऱ्हाऊ दे मग." निमूट निघून गेली. मला एवढं हसू आलं, एवढी माया वाटली.

पण आता खरं सांगते. पोर वर्षाची झाली तेव्हा मावशीनं पुन्हा मिशरी सुरू केली. घरी उंबऱ्यावर बोट रिकामंच; शेतावर मात्र दुसऱ्या बाईच्या डबीतून. मला कळलं. मी बोलले तर म्हणाली, "घरात आली का? न्हाई ना? मग." मी तेवढ्यावर समाधान मानलं. पोरीचं वजन मी दर महिन्याला घेत होते, मावशीला मात्र आ करून दाखव म्हणून कधी म्हटलं नाही. तिच्या गालाच्या आत काय वाढतंय ते कळलं, तोवर तिला फुटाणाही चावत नव्हता. गेल्या हिवाळ्यात ती गेली. माझ्या मनातून हे जात नाही, आणि जाऊही नये.

तवा अजून माझ्याकडे माळ्यावर आहे. कुणाला द्यावासा वाटत नाही आणि टाकवतही नाही.

परवा सकाळी त्यांच्या घरी गेले होते. सून उंबऱ्यावर बसली होती, हात मांडीवर मोकळे. शेजारी नात, तीन वर्षांची, बोट तोंडात घालून. मी लांबूनच हाक मारली, "काय गं, आई बरी आहे का तुझी?"

पोरीनं डावा हात वर केला, पंजा उघडा.

मी जवळ गेले, तिचं बोट हातात घेऊन नीट बघितलं. स्वच्छ होतं, नुसती लाळ. मग मीही उंबऱ्यावर तिच्या शेजारी जागा करून बसले, तिचं होईपर्यंत.