कोर्टात शेंगा सोलणारी

वारसाच्या कागदासाठी रेणापूरच्या कोर्टात बसले होते. बाकावर शेजारची बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. मारहाणीपायी कोर्टानं तिच्या नवऱ्याला तिच्या दारात फिरकायची मनाई केली होती. तरी तो आला आणि दाराला लाथा घालून गेला. साक्षीला एकही शेजारी तयार नव्हता.

“मग गं कसं व्हायचं?” मी विचारलं.

“त्यालाच बोलू द्या, आजी. गप बसणं त्याच्यानं होत न्हाई.”

मला माझंच हसू आलं. तरुणपणी मी लई वाघीण. नवऱ्याला चांगलं झापायचे, पण तो शेतात गेल्यावर, चुलीपुढं.

पुकारा झाला, तशी मीही तिच्यामागं आत घुसले. जज्जबाईंनी तिच्या नवऱ्याला गुन्हा कबूल आहे का विचारलं. त्याचा वकील बाही ओढत राहिला, तरी तो छाती काढून म्हणाला, “बायको माझी हाय. गेलो, अन् उद्या बी जाईन.”

जज्जबाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि त्याला तुरुंगात धाडलं.

बाहेर येऊन बाईनं चप्पल पायात सरकवली.

“येते, आजी. आज दार सताड उघडं ठेवून भाकरी थापते.”