पाचव्या खाचरातला फोटो

किळस आली आज.
मेलेल्या माणसाला खत विकायला उभं केलंय.

परवा आमचे सर गेले. ॲग्रीच्या कॉलेजात शिकवायचे. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, सरांनी मला नाही सोडलं.

आज चौक गावच्या नाक्यावर बॅनर लागलाय. सरांचा हसरा फोटो, मागे गडद हिरवं भात.
खाली लिहिलंय, 'हिरवंगार शेत हीच सरांची शिकवण.'
त्याच्याखाली दुकानाचं नाव. सर्व प्रकारची खते मिळतील.

थू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.
माथेरानच्या पायथ्याला सरांची पाच खाचरं होती. पहिल्यात खत अजिबात नाही, पुढे प्रत्येकात वाढवत नेलेलं. भात कापून, झोडून, वजन करायचं काम माझं. आकडे सर लॅपटॉपवर टाकायचे.
भाताच्या वजनाची एक वाकडी रेघ यायची. आधी भराभर वर, मग सपाट, मग खाली.

त्या रेघेवर सर एक लाल टिंब ठेवायचे. इथून पुढे टाकलेलं खत स्वतःचा खर्चही भरून देत नाही, म्हणून इथे थांबा. खताचा नाहीतर भाताचा भाव बदलला की टिंब सरकायचं. रेघ तीच.

पोरं त्यांना पाठीमागे 'थांबा सर' म्हणून चिडवायची. आज तीच पोरं स्टेटसला मेणबत्त्या लावतायत.

बॅनरवरचा फोटो पाचव्या खाचरातला आहे.
सगळ्यात जास्त खत खाल्लेलं. सगळ्यात हिरवं.
पुढे वारा आला आणि सगळं आडवं झालं. दाणे पोचट.

फोटो तिने काढला. माझ्याच वर्गातली, आणि दुकान तिच्या बाबांचं. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. कमेंटमध्ये टॅग करायचा शहाणपणा नको.

तेव्हा ती म्हणाली होती, "सर, हेच बेस्ट दिसतंय."
सर हसले. "डोळ्याला बरं वाटतं गं. पण डोळा काय भात खातो?"
तेवढ्यात तिने क्लिक केलं.

दुपारी दुकानात गेलो. म्हटलं, फोटो राहू दे, ते वाक्य तेवढं काढा.
शेठ मान वर न करता म्हणाले, "कॉलेज सोडून आलास नि मला सरांची शिकवण शिकवतोस काय रं?"
गिऱ्हाइकं हसली. मी काउंटरवर हात आपटला. तिनेच मला बाहेर काढलं.

म्हणाली, बाबांनी फोटो मागितला, सर हसतायत असा तिच्याकडे तो एकच होता, म्हणून दिला. वाक्याचं तिला माहीत नव्हतं.
मग हळू आवाजात, "हे फेसबुकवर टाकलंस तर घरात तुझं नाव काढता येणार नाय मला."

दिवाळीनंतर ती घरी आमचं सांगणार होती.

मघापासून मोबाईल हातात घेऊन बसलोय. तिचा डीपी बघतो, परत हे लिहितो.
तिच्यासाठी शेठचे टोमणे गिळले. पुढेही गिळीन. हे नाही गिळवत.

तू वाचशीलच. सर तेव्हा काय म्हणाले ते ऐकायला खाचरात आपण दोघंच होतो गं.
मी सांगितलं. आता तू बघ.

सर, तुम्ही शांतपणे निघा.
ते वाक्य तुमचं नव्हतं.